जिथे दुकान नाही तिथलं पुस्तक: मायकेल कार्ड्यू आणि पश्चिम आफ्रिकेतली पॉटरी

पॉटरी शिकायला लागलेली माणसं थोडा हात बसला की हमखास विचारतात, एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं घेऊ? पुस्तकं महाग असतात, बरीचशी बाहेरून मागवावी लागतात, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण नुसतं नाव सांगून भागत नाही. पॉटरच्या कामाला येणारं पुस्तक कसं असतं हे कळलं, तर माणूस दुकानात उभा राहून स्वतःच निवड करू शकतो. त्यासाठी मला मायकेल कार्ड्यू या इंग्रज पॉटरचं प्रकरण सगळ्यात उपयोगी वाटतं. त्यांच्या आयुष्याची वीसेक वर्षं हातात योग्य पुस्तक नसताना गेली, आणि शेवटी ते पुस्तक त्यांना स्वतःलाच लिहावं लागलं.

आफ्रिकेत जाण्याआधी

कार्ड्यू यांचा जन्म 1901 चा. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी ग्रीक आणि लॅटिनचा अभ्यास केला. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. 1923 मध्ये ते कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ज इथे बर्नार्ड लीच या पॉटरकडे शिकायला गेले आणि 1926 मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या विंचकंबला एक बंद पडलेली जुनी पॉटरी घेऊन त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. काम होतं स्लिपवेअरचं. लाल मातीचं भांडं, त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ थर, त्यात ओढलेली नक्षी आणि वर शिशाचं पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसणारा काचेचा थर. तापमान हजार अंशांच्या थोडं वर.

यातली एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. विंचकंबला कार्ड्यू यांना बहुतेक सगळं तयार मिळालं होतं. तिथली माती पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, भट्टी उभी होती, आणि पूर्वी तिथेच काम केलेला जुना थ्रोअर, म्हणजे चाकावर भांडी घडवणारा कारागीरही हाताशी आला. ती माती भट्टीत कशी वागते, किती आटते, कुठल्या आचेला बसते, हे आधीच्या माणसांनी आपलं नुकसान सोसून शिकून ठेवलेलं होतं. अशा ठिकाणी पुस्तकाची उणीव जाणवत नाही, कारण पुस्तकाचं काम गाव करत असतं. आपल्याकडे कुंभारवाड्यातही हेच असतं. काळ्या मातीत लीद किती, राख किती, आवा कसा रचायचा, हे कुणी वाचून शिकत नाही.

अलाजो: एका वेळी चार कोडी

1942 मध्ये कार्ड्यू गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेले. अक्राजवळच्या अचिमोटा कॉलेजात हॅरी डेव्हिस या पॉटरने स्थानिक सामान वापरून चांगलं काम उभं केलं होतं, त्यांची जागा कार्ड्यू यांना मिळाली. महायुद्धामुळे युरोपातून येणारा माल आटला होता. तेव्हा विटा, कौलं, टाइल्स आणि ग्लेझ केलेली भांडी तिथल्या तिथे कारखान्याच्या प्रमाणावर तयार करायची, अशी योजना आखली गेली. कारखाना अलाजोला उभा राहिला आणि 1945 मध्ये बंद पडला. योजनेचे प्रवर्तक मेयेरोविट्झ यांचाही त्याच वर्षी मृत्यू झाला.

अपयशाची कारणं अनेक होती आणि त्यात सरकारी धोरणाचाही वाटा होता. मी इथे फक्त पॉटरच्या बाजूने बघते आहे.

स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी करायची म्हणजे साडेबाराशे अंशांच्या पुढे जायचं. त्यासाठी त्या आचेला न ढासळणारी माती हवी. त्याहून जास्त आच सोसणाऱ्या विटा आणि भट्टीतल्या फळ्या हव्यात. त्या मातीबरोबरच आटणारं ग्लेझ हवं. आणि तेवढी आच शेवटपर्यंत देणारी भट्टी हवी. इंग्लंडमध्ये यातलं एक बिघडलं तर बाकीची तीन भरवशाची असतात, म्हणून दोष शोधता येतो. अलाजोला चारही गोष्टी नव्या होत्या. भांडं वाकडं झालं तर माती कमी आचेची होती की भट्टी एका बाजूला जास्त तापली? ग्लेझ खरबरीत राहिलं तर त्यात फ्लक्स, म्हणजे वितळवणारा घटक कमी पडला की आचच पोचली नाही? एकाच वेळी चार अज्ञात असले की प्रत्येक भट्टीतून नुकसान मिळतं, ज्ञान मिळत नाही. आणि वर कारखान्याचा रेटा असतो, पुढचा लॉट वाट बघत असतो.

हाताशी पुस्तकं होती का? 1940 मध्ये लीच यांचं 'अ पॉटर्स बुक' प्रसिद्ध झालं होतं. स्टुडिओ पॉटरांच्या पिढ्या त्यावर वाढल्या आहेत आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण त्यातला अनुभव जपान आणि कॉर्नवॉल इथला आहे. दुसरीकडे कारखान्यांसाठी लिहिलेले सिरॅमिक्सचे ग्रंथ होते. ते गृहीत धरतात की सामान शुद्ध करून, तपासून, पोत्यात भरून दारात येतं. अक्राच्या बाहेर नदीकाठचा चिखल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, ही माती काय आहे आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवू, हे सांगणारं पुस्तक वेगळं असायला हवं होतं.

व्हुमे

कारखाना बंद पडल्यावर कार्ड्यू मायदेशी परतले नाहीत. व्होल्टा नदीकाठच्या व्हुमे इथे त्यांनी छोटी पॉटरी उभी केली आणि 1948 पर्यंत तिथे राहिले. ब्राँझसारख्या हिरवट, गडद ग्लेझची तिथली भांडी आज संग्रहालयांत आहेत. पण तिथेही बिघाड खूप झाले, आणि शेवटी प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना इंग्लंडला जावं लागलं.

तरी अलाजोपेक्षा व्हुमेला शिकणं जास्त झालं असणार असं मला वाटतं, कारण तिथे काम लहान होतं. भट्टी लहान असली की माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलू शकतो.

आबुजा आणि लादी क्वाली

1951 मध्ये नायजेरियाच्या सरकारने कार्ड्यू यांना पॉटरी ऑफिसर म्हणून नेमलं आणि त्यांनी आबुजाला प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. हे आबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे. राजधानीने ते नाव घेतल्यावर जुन्या गावाचं नाव सुलेजा झालं. तिथले अमीर सुलेमान बराऊ यांच्या वाड्यात कार्ड्यू यांना हाताने घडवलेले मोठे घडे दिसले होते. ते लादी क्वाली यांचे होते. 1954 मध्ये त्या केंद्रात आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री पॉटर म्हणून.

इथे थोडं थांबायला हवं, कारण लादी क्वाली यांना कुठल्याही पुस्तकाची गरज नव्हती. तिथल्या ग्वारी समाजातल्या स्त्रियांची घडा करण्याची पद्धत त्या घरातच शिकल्या होत्या. चाक नाही. मातीचा गोळा आतून पोकळ करत, बाहेरून थोपटत भिंत वर ओढायची, मग त्यावर वळ्या चढवत जायचं. भांडं जागच्या जागी असतं आणि बाई त्याच्याभोवती मागे मागे पावलं टाकत फिरते. वर सरडे, मासे, पक्षी कोरलेले. पारंपरिक घडे उघड्यावर, गवत-लाकडाच्या जाळात भाजले जात. असा घडा सच्छिद्र राहतो, पाणी पाझरतं, वाफ होऊन उडतं आणि आतलं पाणी गार राहतं. आपल्या माठाचं हेच तत्त्व आहे. त्या कामात त्या पूर्ण होत्या.

अडचण सुरू होते ती याच आकाराला ग्लेझ देऊन स्टोनवेअरच्या भट्टीत घालायचं ठरवलं की. उघड्यावर भाजायची लाल माती साडेबाराशे अंशांना बहुधा फुगते किंवा चक्क बसते. म्हणजे माती वेगळी लागणार, आणि ती पुन्हा अशी हवी की वळ्या चढवताना तडकणार नाही. कोरलेल्या रेषांत पांढरी माती भरायची तर तिचं आटणं अंगाच्या मातीइतकंच हवं, नाहीतर ती पापुद्र्यासारखी सुटून येते. हे सगळं आबुजात जमलं. गडद ग्लेझखाली पांढऱ्या रेषांचे सरडे असलेले ते घडे लंडनच्या बर्कली गॅलरीत मांडले गेले. पुढे अहमदू बेल्लो विद्यापीठाने लादी क्वाली यांना मानद डॉक्टरेट दिली आणि नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं.

या यशाचं श्रेय पुस्तकी ज्ञानाला देऊन मोकळं होणं मला मान्य नाही. घड्याचा तोल, त्याची भिंत, त्याची रेषा लादी क्वाली यांची आहे. पण तो घडा तेराशे अंशांच्या जवळ जाऊन शाबूत बाहेर आला यामागे माती-दगडांची जी समज होती, ती कार्ड्यू यांनी दहा-बारा वर्षं चुकत-माकत कमावली होती. एका माणसाला ती एवढी महाग पडली. ती पुढच्याला स्वस्तात देता येईल का, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

पुस्तक

1959 मध्ये कार्ड्यू यांनी कॉर्नवॉलमधल्या आपल्या वेनफर्ड ब्रिजच्या पॉटरीत एक अभ्यासवर्ग घेतला. भर होता भूशास्त्र आणि कच्चा माल यांवर. पॉटरीच्या वर्गात आधी चाकावर बसवतात. इथे सुरुवात खडकांपासून झाली. या शिकवण्यातून वाढत गेलेलं 'पायोनियर पॉटरी' हे पुस्तक 1969 मध्ये प्रसिद्ध झालं.

पुस्तक खडक आणि खनिजांकडून मातीकडे जातं, मग तापरोधक सामान, ग्लेझ, भट्टी, इंधन, आणि मागे हिशेबाचे तक्ते. क्रमच बोलका आहे. ज्याच्या गावात सिरॅमिक्सच्या सामानाचं दुकान नाही, त्याला ग्रॅनाइट म्हणजे फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ या ग्लेझला लागणाऱ्या खनिजांचा साठा हे कळलं की दुकान सापडल्यासारखंच आहे.

कृतींची वही आणि संदर्भग्रंथ यांतला फरक एका उदाहरणाने दाखवते. लीच यांच्या नावाने जगभर ओळखलं जाणारं एक साधं स्टोनवेअर ग्लेझ आहे: फेल्डस्पार 40, क्वार्ट्झ 30, व्हाइटिंग (चुनखडीची भुकटी) 20, चायना क्ले (शुद्ध पांढरी माती) 10. 4-3-2-1, पाठ करायला सोपं. आज फोनवर अशा हजारो कृती मिळतात. ही कृती तुम्ही आपल्या सामानाने केली आणि ग्लेझवर तड्यांची जाळी आली, तर कृती तुम्हाला पुढे काहीच सांगू शकत नाही.

आता हेच ग्लेझ संदर्भग्रंथाच्या पद्धतीने उघडून बघू. ही पद्धत बर्लिनच्या हेरमान झेगर यांची, एकोणिसाव्या शतकातली. प्रत्येक घटकाचं वजन त्याच्या रेणुभाराने भागायचं: पोटॅश फेल्डस्पार 557, क्वार्ट्झ 60, व्हाइटिंग 100, चायना क्ले 258. मग वितळवणारी ऑक्साइडं, म्हणजे फ्लक्स, यांची बेरीज एक धरायची आणि बाकी सगळं त्या प्रमाणात मांडायचं. उत्तर येतं: पोटॅश 0.26, चुना 0.74, अल्युमिना 0.41, सिलिका 3.7. भट्टीची आच ओळखण्यासाठी ठरावीक आचेला वाकणारे छोटे सुळके, म्हणजे कोन, वापरतात. झेगर यांनी आपला 4 नंबरचा कोन ज्या मिश्रणाचा केला ते होतं पोटॅश 0.3, चुना 0.7, अल्युमिना 0.5, सिलिका 4. म्हणजे 4-3-2-1 हे योगायोगाने जुळलेले आकडे नाहीत, ते एका ओळखीच्या घराण्यातले आहेत. कोनाच्या मिश्रणात सिलिका आणि अल्युमिना थोडी जास्त असल्याने ते कडक राहतं, आपलं ग्लेझ त्यापेक्षा थोडं सहज वितळतं.

तड्यांकडे येऊ. थंड होताना ग्लेझ अंगाच्या मातीपेक्षा जास्त आटलं की ते ताणलं जातं आणि तडकतं. सोडा आणि पोटॅश हे तापल्यावर सर्वांत जास्त प्रसरण पावणारे फ्लक्स, त्यातही सोडा पुढे. सिलिका त्याच्या उलट, ग्लेझमध्ये ती वाढली की आटणं कमी होतं. समजा दुकानदाराने पोटॅशऐवजी सोडा फेल्डस्पार दिला. पोत्यावर फक्त 'फेल्डस्पार' लिहिलेलं असलं की हे सहज होतं. पुन्हा हिशेब केला तर सोडा 0.28, चुना 0.72, अल्युमिना 0.42, सिलिका 3.75. आकडे जवळपास तेच, पण पोटॅशच्या जागी सोडा बसला. ग्लेझ लवकर वितळणार, जास्त आटणार, तडकणार. उपायही तिथेच दिसतो: क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाच, थोडं थोडं वाढवत चाचणीच्या टाइल्स भाजायच्या, किंवा फेल्डस्पार बदलून घ्यायचा. ज्याच्याकडे फक्त कृती आहे तो या ठिकाणी दुसरी कृती शोधायला जातो, आणि त्याच पोत्यातला फेल्डस्पार घालून तीही बिघडवतो.

चांगल्या संदर्भग्रंथाची माझी कसोटी हीच आहे. दोष दिसल्यावर पुस्तक उघडलं, तर ते पुढे काय करून बघायचं हे सांगतं का? 'क्रेझिंग' (ग्लेझवरची तड्यांची जाळी) या शब्दापाशी नेऊन तिथून प्रसरण, सिलिका, फेल्डस्पार असं पुढे पाठवतं का? 1975 मध्ये आलेला फ्रँक आणि जॅनेट हेमर यांचा पॉटरांसाठीचा कोश या बाबतीत फार सोयीचा आहे, अकारविल्हे असल्याने घाईत सापडतं. कार्ड्यू यांचं पुस्तक घाईत वाचायचं नाहीच.

पुस्तकाच्या मर्यादा

'पायोनियर पॉटरी' अवघड आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात ते दिलं तर तो खनिजांच्या पानांवरच अडकतो. त्याचा सगळा रोख लाकडाची भट्टी आणि उंच तापमान यांवर आहे. आज शहरातल्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक भट्टीवर 1,200 च्या आसपास काम करणाऱ्याला फ्रिट (आधी वितळवून दळलेली काच) आणि बोरॉनवाली ग्लेझं लागतात, त्याची भूक या पुस्तकाने भागणार नाही. त्याला हेमरसारखा कोश आणि एखादं नव्या सामानाचं पुस्तक जास्त उपयोगी.

आणखी एक मर्यादा मला जास्त टोचते. आबुजातल्या मातीबद्दल ग्वारी स्त्रियांना जे ठाऊक होतं, ते छापील पुस्तकाच्या चौकटीत फार थोडं येतं. माती कुठल्या ओढ्याची घ्यायची, किती दिवस मुरवायची, थोपटताना आवाज बदलला की काय समजायचं, हे शास्त्रच आहे. पण ज्यांच्याकडे ते होतं त्यांना लिहायला कुणी बसवलं नाही. आपल्या कुंभारांच्या बाबतीतही हेच झालं आहे.

आपल्या दगडांकडे बघताना

महाराष्ट्रात हे पुस्तक वाचताना ते लांबचं वाटत नाही. आपण बसलो आहोत तो काळा पत्थर म्हणजे बेसॉल्ट. त्यात सिलिका साधारण 49 टक्के, लोह ऑक्साइड 12 टक्क्यांच्या पुढे, चुना 10 टक्क्यांच्या आसपास, शिवाय मॅग्नेशिया आणि थोडा सोडा. खडीच्या क्रशरवर उडणारी बारीक भुकटी चाळून, पाण्यात कालवून टाइलवर लावली आणि स्टोनवेअरच्या आचेला नेली, तर तिची काळी-तपकिरी काच होते. मात्र वरचाच हिशेब हिला लावून बघा. लोह फ्लक्समध्ये धरलं तर सिलिका जेमतेम दीड भरते आणि अल्युमिना पाव. 4-3-2-1 मध्ये सिलिका 3.7 होती. म्हणजे नुसती भुकटी भांड्यावरून ओघळून भट्टीच्या फळीला चिकटण्याची धास्ती. तिला क्वार्ट्झ हवं, थोडी चायना क्ले हवी, थोडा फेल्डस्पारही चालेल. किती, ते दहा-दहा टक्क्यांनी वाढवत भाजलेल्या टाइल्स सांगतील, पण कुठल्या दिशेने जायचं हे भट्टी पेटवण्याआधीच कळलेलं असतं. लाकूड आणि गॅसच्या आजच्या दरात ही फार मोठी बचत आहे. भुकटी चाळताना तोंडाला चांगला मास्क मात्र लावा. क्वार्ट्झ मिसळताना तर विसरूच नका, ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

सिंधुदुर्गात चायना क्ले आहे, सिलिका वाळू आहे. चंद्रपूरकडे कोळशाच्या थरांबरोबर फायर क्ले मिळते, आणि भद्रावतीला ग्रामोदय संघाच्या रूपाने पॉटरीच्या प्रशिक्षणाची जुनी परंपरा आहे. कोकणात जांभा आहे, म्हणजे लोह आणि अल्युमिनाचा दगड. मला हवं असलेलं मराठी पुस्तक या सामानापासून सुरू होईल. प्रत्येक मातीपुढे तिचं रासायनिक पृथक्करण, 1,000, 1,100, 1,200 आणि 1,280 अंशांना भाजलेल्या वडीचा फोटो, तिचं आटणं आणि पाणी शोषणं. शेजारच्या पानावर त्याच मातीत काम करणाऱ्या कुंभाराच्या शब्दांत तिच्या खोडी. मागे रेणुभारांचा तक्ता आणि दोषांची सूची: तडे, पिनहोल (ग्लेझमधली बारीक छिद्रं), ओघळ, फुगवटा. बांधणी शिवलेली हवी, कारण हे पुस्तक ओल्या हातांनी उघडलं जाणार आहे. एकट्या माणसाकडून ते होणार नाही. पण स्टुडिओवाल्यांनी आपापल्या भागातल्या एका मातीच्या वड्या जरी नोंदी ठेवून भाजल्या, तरी पहिली पन्नास पानं भरतील.